सातबारा बिनतारी वाटेवर
फिरत्या महसूल कर्मचाऱ्यांसाठी सुरक्षित जाळे म्हणजे काय, आणि नांदेड-लातूरच्या गावांत ते कोठे अडते?

शेतजमिनीचा सातबारा उतारा एके काळी तलाठ्याच्या दप्तरात असे. दप्तर जेथे, तेथे कार्यालय, अशी स्थिती होती. आता ते दप्तर संगणकाच्या सर्व्हरवर गेले आहे; तलाठी मात्र पूर्वीप्रमाणेच गावोगाव फिरतो. कर्मचारी आणि अभिलेख यांना जोडणारा दुवा आज बिनतारी आहे. हातातील लॅपटॉप, खिशातील मोबाइल आणि गावाजवळ असेल तो टॉवर एवढ्यावर तो उभा आहे. २०२४ मध्ये राज्य शासनाने तलाठी हे पदनाम बदलून ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे केले असले, तरी गावकऱ्यांच्या तोंडी अद्याप तलाठी हाच शब्द आहे.

नांदेड जिल्ह्यात १६ आणि लातूर जिल्ह्यात १० तालुके आहेत. एका सज्जात बहुधा एकाहून अधिक गावे येतात. त्यामुळे तलाठ्याच्या कामाचा मोठा भाग कार्यालयाबाहेर, कोणत्याही तारेच्या जोडणीपासून दूर होतो. या फिरत्या कर्मचाऱ्याने केलेली नोंद सुरक्षित राहावी, ती वाटेत कोणी वाचू अथवा बदलू नये आणि ती नेमकी कोणी केली हे पुढे सिद्ध करता यावे, यासाठी उभारावयाच्या व्यवस्थेला सुरक्षित बिनतारी जाळे म्हणता येईल. जगभरातील शासकीय यंत्रणांसमोर हा प्रश्न आहे. मराठवाड्यात त्याला जमिनीच्या मालकीचा संदर्भ असल्याने त्याचे गांभीर्य अधिक आहे.

किल्लारीपासूनचा प्रवास

लातूर जिल्ह्याला बिनतारी संपर्काचे महत्त्व अत्यंत कठोर प्रसंगातून कळले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी औसा तालुक्यातील किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो लोकांचा बळी गेला. त्या वेळी ‘हॅम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हौशी बिनतारी संदेशकांनी भूकंपग्रस्त भाग व बाहेरचे जग यांच्यातील संपर्कास मोलाचा हातभार लावला. त्या काळी बिनतारी यंत्रणेकडून मुख्यतः एकच अपेक्षा होती : निरोप पोहोचावा.

पुढील तीन दशकांत अपेक्षा बदलली. मार्च २००५ मध्ये केंद्र सरकारने राज्यव्यापी संगणक जाळ्यांच्या योजनेस मंजुरी दिली. राज्याचे मुख्यालय, जिल्हा आणि तालुका यांना किमान २ मेगाबिट प्रतिसेकंद वेगाने जोडणे हा तिचा हेतू होता. महाराष्ट्रात हे जाळे ‘महास्वान’ या नावाने ओळखले जाते. शासनाचे बंदिस्त जाळे या योजनेत तालुक्यापर्यंत आले. ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि नंतर ‘भारतनेट’ असे नाव मिळालेल्या योजनेने ग्रामपंचायतीपर्यंत प्रकाशतंतू नेण्याचे उद्दिष्ट ठेवले. तथापि ग्रामपंचायतीच्या इमारतीपासून शिवारापर्यंतचे अंतर मोबाइल कंपन्यांच्या जाळ्यावरच अवलंबून राहिले.

याच काळात कामाचे स्वरूपही पालटले. फेरफाराच्या नोंदी ‘ई-फेरफार’ या प्रणालीत घेतल्या जाऊ लागल्या. १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध करून देण्यास प्रारंभ झाला. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली आणि शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरून पिकाची नोंद करावी, तलाठ्याने ती तपासावी, अशी पद्धत आली. निरोपाच्या जागी आता कायदेशीर नोंद हवेतून प्रवास करू लागली.

एका नोंदीचे मोल

फेरफाराची कार्यपद्धती महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये दिलेली आहे. तलाठी गाव नमुना ६ मध्ये नोंद घेतो, हितसंबंधितांना नोटीस बजावतो, हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत देतो आणि त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. म्हणजे एका नोंदीमागे किमान दोन अधिकाऱ्यांची ओळख आणि एक ठरावीक कालक्रम असतो. या दोन्हींची खात्री जाळ्याने द्यावयाची असते.

मराठवाड्यातील वाचकांना या मुद्द्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. हा प्रदेश सप्टेंबर १९४८ पर्यंत निजाम राजवटीत होता आणि त्या काळातील महसुली कागदांचे वाचन आजही होते. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीने निजामकालीन दस्तऐवजांची तपासणी केली, तेव्हा जुन्या कारकुनाने लिहिलेली एखादी ओळ कित्येक कुटुंबांच्या दृष्टीने निर्णायक ठरत होती. कागदावर निदान शाई, हस्ताक्षर आणि शिक्का पाहता येतो. सर्व्हरवरील नोंदीच्या खरेपणाचा पुरावा ती कोणत्या यंत्रावरून, कोणत्या वेळी, कोणाच्या स्वाक्षरीने आली या तपशिलातच असतो. तो तपशील जपला नाही, तर पुढील पिढ्यांना वाद मिटवण्यास साधन उरणार नाही.

साखळीच्या चार कड्या

तांत्रिकदृष्ट्या पाहता या व्यवस्थेत चार कड्या आहेत : कर्मचाऱ्याच्या हातातील यंत्र, हवेतील मार्ग, सर्व्हरचे प्रवेशद्वार आणि स्वतः कर्मचारी.

हवेतील मार्गाविषयी सर्वाधिक चर्चा होते. वाय-फायसाठी सुरुवातीला वापरली गेलेली ‘डब्ल्यूईपी’ ही सांकेतिक पद्धत कमकुवत असल्याचे संशोधकांनी २००१ मध्ये दाखवून दिले. त्यानंतर २००३ मध्ये ‘डब्ल्यूपीए’ आणि २००४ मध्ये ‘डब्ल्यूपीए-२’ ही पद्धत आली. तिच्यातीलही दोष २०१७ मध्ये उघड झाला आणि २०१८ मध्ये ‘डब्ल्यूपीए-३’ जाहीर करण्यात आली. कोणतेही कुलूप कायमचे पुरत नाही, हा या इतिहासाचा बोध आहे. म्हणूनच जाळे उभारताना ते सुधारत राहण्याची तरतूदही करावी लागते.

उघड्या वाय-फायचा धोका महाराष्ट्राने अनुभवला आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत झालेल्या बॉम्बस्फोटांची जबाबदारी स्वीकारणारा ई-मेल नवी मुंबईतील एका घरातील असुरक्षित वाय-फायचा वापर करून पाठविल्याचे तपासात निष्पन्न झाले. जोडणी ज्याच्या नावावर होती, त्याच्या दारी पोलीस पोहोचले. त्यानंतर २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय सुरक्षित ठेवण्याबाबत सूचना काढल्या. तहसील कार्यालयातील किंवा सेवा केंद्रातील पासवर्ड नसलेल्या वाय-फायला हाच न्याय लागू पडतो.

मार्ग परका असेल, तर त्यावर आपला बंदिस्त बोगदा टाकणे हा उपाय मानला जातो. ‘व्हीपीएन’ या नावाने परिचित असलेल्या या पद्धतीत कर्मचाऱ्याच्या यंत्रापासून शासकीय प्रवेशद्वारापर्यंतची माहिती सांकेतिक रूपात जाते. मधला टॉवर किंवा वाय-फाय कोणाचेही असले, तरी आतील मजकूर त्याला वाचता येत नाही. याशिवाय मोबाइल कंपनीकडून केवळ खात्याच्या सिमकार्डांसाठी स्वतंत्र प्रवेशबिंदू घेता येतो. तसे केल्यास ही सिमकार्डे खुल्या इंटरनेटवर न जाता थेट खात्याच्या जाळ्यात पोहोचतात.

तथापि बोगदा कितीही भक्कम असला, तरी त्याच्या तोंडाशी कोण उभे आहे हे ओळखणे आवश्यक असते. केवळ पासवर्ड त्यास पुरत नाही. म्हणून कर्मचाऱ्याला ठाऊक असलेली एक गोष्ट आणि त्याच्याजवळ असलेली दुसरी वस्तू, अशी दुहेरी पडताळणी केली जाते. महसूल खात्यात डिजिटल स्वाक्षरीचे पेनड्राइव्हसारखे छोटे उपकरण ही दुसरी वस्तू होय. तिच्यातील गुप्त किल्ली बाहेर काढता येत नाही आणि प्रत्येक स्वाक्षरीसाठी पिन द्यावा लागतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार अशा स्वाक्षरीस कायदेशीर मान्यता आहे.

सुरक्षित वाट अडली की…

या सर्व योजनेची खरी परीक्षा गावात होते. किनवट आणि माहूर हे नांदेड जिल्ह्यातील डोंगराळ, जंगलव्याप्त तालुके. दरीत वसलेल्या वाडीत टॉवर असूनही लहरी पोहोचत नाहीत. वीज गेल्यावर टॉवरची बॅटरी किती काळ तग धरते, यावरही बरेच अवलंबून असते. सर्व्हर संथ चालतो, ही तलाठी संघटनांची जुनी तक्रार आहे.

अशा वेळी काम थांबत नाही. ते दुसऱ्या मार्गाने होते. दारात शेतकरी उभा असतो, बँकेत पीक कर्जाची मुदत संपत आलेली असते आणि वरिष्ठांना संध्याकाळपर्यंत अहवाल हवा असतो. मग गावातील एखाद्या तरुणाच्या मोबाइलवरील हॉटस्पॉट वापरला जातो. कागदपत्रांची छायाचित्रे व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठविली जातात. रात्री उशिरा सर्व्हर मोकळा असताना काम उरकावे, म्हणून स्वाक्षरीचे उपकरण आणि पिन मदतनिसाच्या हाती देण्याचा मोह होतो. यातील शेवटचा प्रकार सर्वांत घातक आहे. त्यात सांकेतिक पद्धत, बोगदा व स्वाक्षरी हे सारे निर्दोष राहते आणि नोंद मात्र भलत्याच व्यक्तीने केलेली असते. पुढे चौकशी झाल्यास उपकरण ज्याच्या नावावर, त्यालाच उत्तर द्यावे लागते.

म्हणूनच सुरक्षित जाळ्याची पहिली अट ते चालू असणे ही आहे. अधिकृत मार्ग दिवसातून चार तास बंद राहत असेल, तर त्यावरील उत्तम कुलूपही निरुपयोगी ठरते, कारण त्या चार तासांत सर्व वाहतूक आडवाटेने झालेली असते. नियमभंगाबद्दल कर्मचाऱ्यावर कारवाई करण्यापूर्वी त्याला नियम पाळणे शक्य होते काय, हे तपासणे यंत्रणेच्या हिताचे आहे.

या व्यवस्थेवर राज्य किती विसंबून आहे, याची प्रचिती ऑक्टोबर २०२१ मध्ये आली. तलाठ्यांनी आंदोलनाचा भाग म्हणून डिजिटल स्वाक्षरीची उपकरणे तहसील कार्यालयांत जमा केली आणि ऑनलाइन नोंदींचे काम ठप्प झाले.

यंत्र जुने झाले तर?

दुसरा धडा अंगणवाड्यांनी दिला. पोषणविषयक नोंदींसाठी राज्यातील अंगणवाडी सेविकांना शासनाकडून मोबाइल मिळाले होते. मार्च २०२१ मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ हे नवे अ‍ॅप आले. ते या मोबाइलवर नीट चालत नाही, यंत्रे वारंवार बिघडतात आणि अ‍ॅपची भाषा इंग्रजी आहे, अशा तक्रारी करीत सेविकांनी ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर हे मोबाइल शासनाला परत केले. अनेकींनी त्यापूर्वी स्वतःच्या किंवा घरच्यांच्या मोबाइलवर काम करून पाहिले होते.

सुरक्षेच्या दृष्टीने यातील अर्थ स्पष्ट आहे. शासकीय माहिती घरातील मुलाच्या खेळाच्या मोबाइलवर गेली, की तिच्यावर खात्याचे नियंत्रण राहत नाही. यंत्र खरेदी करतानाच त्याचे आयुष्य, दुरुस्तीची व्यवस्था, सुरक्षा सुधारणा किती वर्षे मिळणार आणि ते कधी बदलावयाचे, हे ठरविणे म्हणूनच आवश्यक असते. यंत्रे दूरस्थ पद्धतीने नियंत्रित करणाऱ्या प्रणालीमुळे हरवलेल्या मोबाइलमधील माहिती कार्यालयातून पुसता येते आणि अनावश्यक अ‍ॅप रोखता येतात. अशी प्रणाली खात्याच्या यंत्रांवर राबविणे सोपे असते. कर्मचाऱ्याच्या खासगी मोबाइलवर ती लादताना त्याच्या खासगीपणाचा प्रश्न उद्भवतो.

जोडणी नसतानाही काम

मराठवाड्यात अखंड जोडणी गृहीत धरणारी कोणतीही योजना अपुरी ठरेल. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यातील काही गावांत अतिवृष्टीचे पाणी शिरले आणि मनुष्यहानी झाली. सप्टेंबरात मराठवाड्याच्या मोठ्या भागात पिके पाण्याखाली गेली. अशा नुकसानीचे पंचनामे महसूल, कृषी आणि ग्रामपंचायत या तिन्ही खात्यांच्या गावपातळीवरील कर्मचाऱ्यांनी मिळून करावयाचे असतात. ज्या दिवसांत ही माहिती सर्वाधिक तातडीची असते, त्याच दिवसांत वीज, रस्ते आणि टॉवर यांचा भरवसा सर्वांत कमी असतो.

यावर ‘आधी साठवा, नंतर पाठवा’ ही पद्धत उपयोगी पडते. ई-पीक पाहणीत शेतात छायाचित्र व माहिती घेऊन जोडणी मिळेल तेथे ती पाठविण्याची सोय याच तत्त्वावर आहे. मात्र येथेही दक्षता हवी. यंत्रात साठलेली माहिती सांकेतिक रूपात असावी. छायाचित्रासोबत वेळ आणि अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जावेत. नंतर त्यात फेरफार झाल्यास तो सर्व्हरला ओळखता यावा. आणि एकच नोंद दोनदा गेल्यास दुसरी नाकारली जावी. भूस्थानाची पडताळणी ई-पीक पाहणीत आधीच आली असल्याने घरबसल्या दुसऱ्याच्या पिकाचे छायाचित्र टाकण्यास बराच आळा बसतो.

अलीकडच्या हंगामांत पीक पाहणीसाठी गावपातळीवर सहायकांचीही मदत घेतली जाते. ते शासनाचे नियमित कर्मचारी नसतात. त्यामुळे ज्याचे जेवढे काम, त्याला तेवढाच प्रवेश, हे तत्त्व येथे काटेकोरपणे पाळावे लागते. गाव नमुना १२ मधील पिकाची माहिती भरणाऱ्यास नमुना ७ मधील मालकीच्या रकान्यास हात लावता येता कामा नये.

नियमांची चौकट

कायदेशीर बाजू बऱ्यापैकी तयार आहे. संगणकीय सुरक्षेसाठीची ‘सर्ट-इन’ ही राष्ट्रीय संस्था २००४ पासून कार्यरत आहे. तिने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती लक्षात आल्यापासून सहा तासांत कळविणे आणि यंत्रणेतील हालचालींच्या नोंदी १८० दिवस जपणे शासकीय संस्थांनाही बंधनकारक आहे. जून २०२२ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी केंद्रीय कर्मचाऱ्यांना खासगी व्हीपीएन सेवा वापरण्यास आणि शासकीय कागदपत्रे खासगी क्लाउड साठवणुकीत ठेवण्यास मनाई केली. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला असून त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होणार आहे.

उभारणीचा क्रम

जिल्हा पातळीवर असे जाळे उभारताना प्रथम गावनिहाय पाहणी व्हावी. कोणत्या गावात कोणत्या कंपनीची जोडणी, दिवसाच्या कोणत्या वेळी, किती वेगाने मिळते याचा नकाशा हाती असल्याशिवाय सिमकार्ड खरेदी करणे म्हणजे अंधारात बाण मारणे होय. त्या आधारे दोन भिन्न कंपन्यांची सिमकार्डे देणे आणि जेथे दोन्ही पोहोचत नाहीत तेथे ग्रामपंचायतीच्या प्रकाशतंतूवरील सुरक्षित वाय-फायचा आधार घेणे शक्य होते.

दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक यंत्राची कर्मचाऱ्याच्या नावे नोंदणी, बंदिस्त बोगदा आणि दुहेरी पडताळणी येते. तिसऱ्या टप्प्यात रोजच्या व्यवस्थापनाचा भाग येतो आणि तोच बहुधा दुर्लक्षिला जातो. यंत्र अथवा स्वाक्षरीचे उपकरण हरवल्यास कोणत्या एका क्रमांकावर कळवावयाचे, रात्री-बेरात्री तेथे उत्तर कोण देणार, बदली किंवा निवृत्तीच्या दिवशी जुने अधिकार किती तासांत रद्द होणार, हे लेखी ठरलेले असावे. सज्जाचा अतिरिक्त कार्यभार दुसऱ्याकडे गेल्यास त्याला स्वतःच्या नावाने तत्काळ प्रवेश मिळावा. अन्यथा जुन्याच्या उपकरणावर नवा माणूस काम करू लागतो.

प्रशिक्षण मराठीत आणि कर्मचाऱ्याच्या नेहमीच्या कामातील उदाहरणांवर आधारित असणे इष्ट. पिन का द्यावयाचा नाही, हे परिपत्रकाने जेवढे कळते त्याहून अधिक एखाद्या वादग्रस्त फेरफाराच्या उदाहरणाने कळते.

नागरिकांच्या हाती काय?

या व्यवस्थेवर लक्ष ठेवण्याचे काही मार्ग नागरिकांनाही उपलब्ध आहेत. ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर गावनिहाय प्रलंबित फेरफारांच्या नोटिसा पाहता येतात. शहरात राहणाऱ्या आणि गावी जमीन असणाऱ्यांनी महिन्यातून एकदा तेथे आपला गट क्रमांक पाहिल्यास हरकतीची १५ दिवसांची मुदत हुकण्याचा धोका कमी होतो. १५ रुपये शुल्क भरून मिळणाऱ्या डिजिटल सातबाऱ्यावर पडताळणी क्रमांक छापलेला असतो. जमीन व्यवहारापूर्वी तो क्रमांक संकेतस्थळावर टाकून उतारा खरा असल्याची खात्री करावी. अनुदानासाठीच्या ई-केवायसीचा ओटीपी दूरध्वनीवरून कोणालाही सांगू नये.

नांदेड असो वा लातूर, शिवारात उभ्या असलेल्या तलाठ्याला सुरक्षित मार्गच सर्वांत सोपा वाटेल, तेव्हा ही उभारणी यशस्वी झाली असे म्हणता येईल. तोवर प्रत्येक बंद पडलेल्या जोडणीबरोबर कोणाच्या तरी सातबाऱ्यावरील नोंद आडवाटेने जाण्याची शक्यता कायम राहील.